समुद्रकाठच्या बंगल्यांचे कंडक्टर

करीमचाचांनी फोन ठेवताना "ठेवतो" असं कधी म्हटलं नाही. ते खिशातून तिकिटांना भोकं पाडायचा जुना पंच काढायचे आणि समोर असेल त्या वस्तूवर, म्हणजे बाकावर, चहाच्या पेल्यावर, एकदा तर माझ्या चष्म्याच्या डबीवर, दोनदा टकटक करून मग फोन बंद करायचे. दोन टोले म्हणजे गाडी सोडा. पलीकडे मुंबईचा डॉक्टर असो की बंगळुरूच्या कुठल्या कंपनीतली मोठी बाई, समुद्रकाठच्या आलिशान बंगल्याचं बुकिंग पक्कं झाल्याची खूण त्यांना वसमतच्या बसस्थानकावरून एवढीच मिळायची.

वसमतला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. हिंगोली जिल्ह्यात कुठेच नाही. चाचांनी तर तो जन्मात पाहिला नाही. तरीही शेवटची काही वर्षं त्यांनी इथे बसून दूर पश्चिम किनाऱ्यावरचे चार बंगले चालवले, आणि ते कसे चालवले हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. चाचा जाऊन आता वर्ष होत आलं. स्थानकावरचे लोक अजून त्यांचे किस्से सांगतात, पण निम्मे चुकीचे सांगतात.

आधी ते आमच्या डेपोत कंडक्टर होते. मी औंढ्याकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, आणि रोजचं अप-डाऊन त्यांच्याच गाडीनं करायची. रिकामी जागा दिसली की चाचांना बेचैन व्हायचं. "सरका, आंग चोरा, मागं लई जागा हाय," असं ते म्हणायचे तेव्हा मागच्या लोकांचा एकेक पाय अधांतरी असायचा. थांबा सोडून मध्येच गाडी थांबवणं मात्र त्यांना हराम. एकदा खुद्द चाचींनी शेताजवळून हात केला, तर त्यांनी खिडकीतून सलाम केला आणि गाडी पुढे नेली. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही, असं ते स्वतःच कौतुकानं सांगायचे.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी सातव्या महिन्यातही मी त्याच गाडीनं जात होते. एके दिवशी महिलांच्या राखीव शीटवर तालुक्याचे एक वजनदार पुढारी बसलेले होते, दोन्ही अर्थांनी वजनदार. चाचा त्यांच्याशी भांडले नाहीत. त्यांनी फक्त बेल दिली नाही. ड्रायव्हर मागे बघतोय, लोक घड्याळ बघतायत, आणि चाचा दांड्याला टेकून उभे. पुढारी म्हणाले, काय खोळंबा आहे? चाचा म्हणाले, "काई न्हाई साहेब. शीट बाईची हाय. तुमी उठलात का गाडी सुटती, न्हाई उठलात तर मुक्काम हितंच." पुढारी उठले. मी बसले, आणि इतकी लाज वाटली की औंढा येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं कठीण होतं. पाहुणे आले की चाचा त्यांना दारातच "आत सरका" म्हणायचे. भाजी आणायला गेले की वाटेतल्या ओळखीच्या माणसांना सोबत घेऊन यायचे, कारण रिक्षात तीन शिटा रिकाम्या होत्या. गावाला मात्र कुठे जात नसत. पॅसेंजर म्हणून बसलं की त्यांना मळमळायचं. उभं राहूनच प्रवास करण्याची सवय. त्यामुळे एकुलती एक लेक शमा लग्न होऊन समुद्राकडे गेली तरी तिच्याकडे त्यांचं जाणं झालं नाही. नात झोया झाली, चालायला लागली, ती सगळी त्यांनी फोनवरच पाहिली.

जावई आसिफ कनेरगाव नाक्याचा. त्याच्या वडिलांचा ढाबा होता, पण पोरानं हॉटेलचं रीतसर शिक्षण घेतलं आणि थेट किनाऱ्यावर नोकरी धरली. तिथे एक राष्ट्रीय उद्यान आहे. खारफुटीचं रान, उथळ पाण्यात कासवं, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे. उद्यानाच्या हद्दीला लागून मुंबईच्या एका मालकाचे चार बंगले होते. प्रत्येकाला पोहण्याचा हौद, सहा-सहा खोल्या, आणि भाडं असं की ऐकून आपण आवाज खाली आणावा. आसिफ तिथला सगळा कारभार बघायचा, आणि शमा-झोयासकट मागच्या लहान घरात राहायचा. साफसफाई, स्वयंपाकी, माळी आणि वर दिवसभर फोन. त्याला ते जमेना. मग त्याला सासऱ्याची आठवण झाली. अब्बा, तुम्ही नुसतं फोनवर बुकिंग घ्या, तारखा मला कळवा, एवढंच, असं तो म्हणाला. आणि एक गोष्ट त्यानं बजावून सांगितली. तिथे पाहुण्यांच्या शब्दावर सगळं चालतं. एखाद्या पाहुण्याची वाईट तक्रार मालकापर्यंत गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं.

चाचांनी ते ध्यानात ठेवलं. घरात फोनला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी बसस्थानकावर कंट्रोलरच्या खिडकीशेजारचा बाक धरला. इंग्रजी संदेश वाचायला मला धरलं. माझीही निवृत्ती झालेली आणि घर रिकामं, त्यामुळे सकाळी भाजी घेऊन मी तिथेच टेकायची.

फोनवर लोक विचारायचे, समुद्र कसा आहे? चाचा जराही न अडखळता सांगायचे, "आमचं सिद्धेश्वरचं धरण पाह्यलं का? न्हाई? मंग काई तकलीफ न्हाई, त्याचाच थोरला भाऊ समजा." मागे डेपोत गाड्या धुवायचा पाइप चालू असायचा. एका बाईंनी हळव्या आवाजात विचारलं की हा लाटांचा आवाज का? चाचा म्हणाले, व्हय. मी डोळे वटारले तर फोनवर हात ठेवून मला म्हणाले, पाणीच हाय ना बाई ते?

इथवर ठीक होतं. पण एका सकाळी मी पाहिलं तर चाचांनी एका पुठ्ठ्यावर बंगल्याच्या खोल्या चौकोनात आखून त्यांना आकडे दिले होते, आणि काही चौकोनांवर फुल्या होत्या. मी विचारलं, हे काय? म्हणाले, रिझर्वेशन. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा भाजीची पिशवी हातातून पडली. चाचा त्या आलिशान बंगल्यांचं बुकिंग शीटवर देत होते, पूर्ण भाडं भरणाऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांसकट.

मी त्यांना समजावलं. म्हटलं, चाचा, ते लोक अख्खा बंगला घेतात, प्रासंगिक करारावर लग्नाला गाडी घेतात ना, तसं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "करारावर वऱ्हाड तरी आसतं बाई. हितं सहा खोल्या आन् मानसं दोन. दोन मानसाला कोन करार देतं? आन् तिकडं नागपूरचं कुटुंब आठ दिवसापासून जागा मागून राहिलंय, संग म्हातारी हाय. गाडी रिकामी पळवू का?" पाहुण्यांना सांगता तरी का, असं मी विचारलं. सांगतो की, म्हणाले. सोबतीला तिथे माणसं आहेत ना, असं कोणी विचारलं की ते "व्हय, भरपूर" म्हणत. लोकांना ते नोकरचाकर वाटत.

बाकी नियमही तेच. मुलांना अर्धं तिकीट. बायकांना सवलत, कारण सरकारनंच दिलेली आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. प्रत्येक बंगल्यात समुद्राकडच्या तोंडाची एक खोली महिलांसाठी राखीव, आणि एक आमदारांसाठी. त्या किनाऱ्यावर कुठला आमदार येणार, हे मी विचारून पाहिलं. न येवो, पण गाडी सुटेस्तोवर शीट ठेवावी लागती, असं उत्तर आलं. आसिफला हे हळूहळू कळत गेलं, पण तोवर मालकाच्या हाती पडणारी रक्कम इतकी वाढली होती की मालकानं फोन करून त्याची पाठ थोपटली. सवलती देऊनही रक्कम वाढते याचं कारण मालकानं विचारलं नाही, आणि आसिफनं सांगितलं नाही.

आता खरी गंमत पाहुण्यांची. मी त्यांचे अभिप्राय चाचांना वाचून दाखवायची आणि वाचता वाचता मलाच हसू आवरायचं नाही. एकानं लिहिलं होतं की एकांतासाठी आलो होतो, तो मिळाला नाही, पण शेजारच्या खोलीतल्या काकांनी दमा कसा सांभाळायचा ते शिकवलं. एकानं पाच ताऱ्यांतला एक तारा कापला, कारण फोनवरच्या गृहस्थांनी पोहण्याच्या हौदात "पुढं सरका" म्हणून सांगितलं. दोन अनोळखी कुटुंबांची तिथे सोयरीक जमली. कासवं बघायला आलेले लोक पत्ते खेळून परत गेले आणि पुढच्या वर्षाचं बुकिंग करून गेले. चाचा हे सगळं शांतपणे ऐकायचे. त्यांच्या लेखी गाडी वेळेवर सुटली होती, यापलीकडे त्यात काही नव्हतं.

चाची मात्र स्पष्ट बोलायच्या. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या की जाऊ दे ती नोकरी, म्हणजे लेक-जावई इकडं येतील, नात अंगणात खेळंल. चाचा एकदम चिडले. "गाडी माझी न्हाई म्हणून मी ती खड्ड्यात घालू का?" एवढं म्हणून ते उठून गेले. त्यांना नात हवी नव्हती असं नाही. फोनमधली झोया बंद झाली की ते कितीतरी वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसायचे, हे मी पाहिलेलं आहे. पण तो विषय निघाला की कुणी चोरी पकडल्यासारखे व्हायचे.

मग ती दिवाळी आली. चारी बंगले खचाखच. समुद्राकडच्या मोठ्या बंगल्यात पुण्याचं एक तरुण जोडपं, तेच नागपूरचं कुटुंब पुन्हा त्यांच्या म्हातारीसकट, आणि तीन निवृत्त मित्र. पुण्याच्या नवऱ्यानं आल्या दिवसापासून आसिफला फैलावर घेतलं. पूर्ण बंगल्याचे पैसे मोजलेत, ही जत्रा कसली? ही तक्रार चुकीची होती असं मी म्हणणार नाही. आसिफनं हातापाया पडून त्याला कसंबसं गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्या माणसानं सगळ्यांदेखत बायकोच्या हातातला फोन हिसकावून भिंतीवर आपटला. का, तर ती माहेरी बोलत होती. ती बाई ताटावरून उठली, नागपूरच्या म्हातारीच्या मागोमाग महिलांच्या राखीव खोलीत गेली आणि आतून कडी लावली. मग नवरा दार ठोकू लागला. आतून म्हातारीचा आवाज आला की पाटी वाच. दारावर चाचांनी पाटी लावायला लावली होती.

हे सगळं मला कळलं ते दुपारी, वसमतच्या स्थानकावर, चाचांचा फोन वाजला तेव्हा. लाइनवर तिघं होते. मुंबईचे मालक, तो नवरा आणि मागे कुठेतरी आसिफ. मालकांचा सूर गोड होता. म्हणाले, चाचा, झाला प्रकार झाला. साहेबांनी पूर्ण भाडं भरलंय, त्यांना त्यांची खोली आणि त्यांची पत्नी मिळाली पाहिजे. दुसरी किल्ली आसिफकडे आहे, पण हा मुलगा म्हणतो अब्बांना विचारतो. तुम्ही सांगा त्याला. दार उघडलं की विषय संपला, साहेब तक्रार मागे घेतायत. नाहीतर मला माणसं बदलावी लागतील.

चाचांनी फोन कानापासून जरा लांब धरला. समोर हिंगोलीची गाडी लागत होती, लोक दाराशी लोटत होते. मला वाटलं, आता हे हो म्हणतील. मीच मनात म्हटलं, हो म्हणा, चाचा. लेकीचं घर आहे.

"साहेब," चाचा म्हणाले, "राखीव शिटीवर बसलेल्या बाईला उठवायची पावर मला न्हाई. ती आपल्या मनानं उठली तर उठली."

मालक म्हणाले, तो बंगला माझा आहे.

"गाडीबी सरकारची आसती साहेब. पर शीट बाईची आसती."

मग त्यांनी पंच काढला, बाकावर दोनदा वाजवला आणि फोन बंद केला. पंच परत खिशात जाईना. मी तो त्यांच्या हातातून घेऊन खिशात घातला. त्यांनी विचारलं, बाई, चुकलं का माझं? मी म्हटलं, नियमानं नाही. ते म्हणाले, मी नियमाचं न्हाई विचारून राहिलो. मी चहा मागवला.

त्यानंतर आसिफचा फोन लागेना. मालकांनी बुकिंगचा नंबर दुसरीकडे वळवला असावा, कारण चाचांचा फोनही वाजायचा थांबला. ते सवयीनं बाकावर येऊन बसत. स्थानकावरच्या रिकामटेकड्यांना तेवढंच पुरलं. चाचांनी मुद्दाम केलं, नात जवळ यावी म्हणून जावयाची नोकरी घालवली, असं त्यांच्यामागे आणि पुढे त्यांच्यादेखत बोललं जाऊ लागलं. मी एकदोघांना झापलं. मला काळजी चाचांची वाटली. गाडीत एवढ्या-तेवढ्याला उत्तर देणारा हा माणूस ते ऐकून मान खाली घालत होता.

शेवटी शमाचा फोन आला, की नोकरी गेली, आम्ही येतोय.

त्या दिवशी चाचा पहाटेपासून फलाटावर उभे होते. चाचींना त्यांनी येऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून त्या माझ्यासोबत आल्या. गाडी लागली. शमा उतरली, खांद्यावर झोया झोपलेली. मागून आसिफ दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरला. वाळून निम्मा झाला होता. चाचा पुढे झाले, त्यांनी जावयासमोर चक्क हात जोडले आणि म्हणाले की माझ्यापायी तुझं घर उठलं, पोरा.

आसिफनं बॅगा खाली ठेवल्या आणि त्यांचे हात धरून खाली केले.

"तुमच्यापायी न्हाई गेली अब्बा. तुमी फोन ठेवला, मंग मालकानं मला एकट्याला केला. म्हणले, सासऱ्याचं सोड, ते वसमतला बसलेत. किल्ली तुझ्यापाशी हाय, तू उघड. झालं गेलं इसरू."

"मंग?"

"किल्ली खिशातच होती. तो मानूस दाराला लाथा घालून राहिला होता. मी जाऊन त्याच्या आन् दाराच्या मधात उभा राह्यलो. त्याच्या दोन लाथा मलाच बसल्या. सकाळी त्या बाईचा भाऊ आला, तवा तिनं आतून कडी काढली. म्हातारी तिला गाडीत बसवून आली."

चाचांनी एक बॅग उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "आन् उघडलं आसतं तर?"

"तर आज तितंच आसतो."

चाचांनी झोयाकडे पाहिलं. ती जागी झाली होती आणि फोनमधल्या आजोबांना एवढं मोठं झालेलं बघून शमाच्या मानेत तोंड लपवत होती. "लई बरं झालं," चाचा म्हणाले, आणि भर स्थानकात, कंट्रोलर, हमाल, पोरंटोरं सगळ्यांदेखत, मोठ्यानं रडू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

कशाला बरं झालं म्हणाले, दार उघडलं नाही त्याला, की लेक घरी आली त्याला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. चाचींनी मात्र तिथल्या तिथे विचारलं.

चाचांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "दोनीला," ते म्हणाले. "आता काहून खोटं बोलू?"